दोन माणसांची तोमुली

हसितभाई अंजारिया खारे शेंगदाणे खात खात वाचायचे. त्यामुळे त्यांच्याकडून परत आलेल्या कागदांत कुठल्या पानावर ते किती वेळ अडकले, हे सालींवरून कळायचं. झंखनाच्या प्रबंधाचा आराखडा तिसऱ्यांदा परत आला तेव्हा व्याकरणाच्या पानांत सालींचा नुसता खच होता.

"बेटा," हसितभाई म्हणाले, "हे डिझाइनचं कॉलेज आहे की पाठशाळा?"

"यात डिझाइन आहे ना, हसितभाई! लिपी मी काढली आहे. बेटावरच्या होडीची तिकिटं आहेत, रेशनकार्ड आहे, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना आहेत..."

"औषध कुणाला द्यायचं?"

"तोमुलच्या लोकांना."

"ते कुठे असतात?"

"असे... कुठेच नसतात. काल्पनिक बेट आहे."

"मग ठणठणीत असतील की. औषध कशाला?"

शेजारच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. झंखनाने कागद झटकले, साली खाली पडल्या. शेवटच्या वर्षाचा प्रबंध 'तोमुली' या काल्पनिक भाषेवर करायचा हे तिने पहिल्या वर्षालाच मनाशी पक्कं केलं होतं. तोमुल बेटावर सगळे मासे पकडणारे, आणि मासे पकडणारे म्हटले की माशाच्या आकाराबद्दल थापा आल्याच. म्हणून त्यांच्या पूर्वजांनी भाषेतच बंदोबस्त करून ठेवला, अशी तिची कल्पना. वाक्य संपवताना ही गोष्ट तुला कशी कळली ते सांगायचंच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तर शेवटी 'झा'. कुणाकडून ऐकली असेल तर 'मू'. नुसता अंदाज असेल तर 'टी'. 'लोशी' म्हणजे चहा, 'दुमे' म्हणजे गार. 'लोशी दुमेझा' म्हणजे चहा गार झालाय, मी पाहिलाय. 'लोशी दुमेटी' म्हणजे झाला असावा बुवा.

"युक्ती छान आहे," हसितभाई म्हणाले. "पण ही भाषा बोलणारी तू एकटी. एकट्या माणसाच्या बोलण्याला भाषा म्हणत नाहीत, त्याला डॉक्टर वेगळं नाव देतात. मला दोन माणसं आणून दाखव. तू सोडून. सराव म्हणून बोलणारी नकोत, अडलंय म्हणून बोलणारी हवीत. ज्या दिवशी दोन माणसं तुझ्या भाषेत भांडतील, त्या दिवशी तुझा आराखडा मी समितीपुढे ठेवतो."

झंखनाने वैतागून जामनगरला वडिलांना फोन लावला. भिखुभाई कणसागरांचा पितळी नट-बोल्टचा कारखाना होता. ते म्हणाले, "तुझे मास्तर शहाणे आहेत. आपण आधी गिऱ्हाईक बघतो, मग नट पाडतो. तू आधी नट पाडलास, आता त्याला बसेल असा बोल्ट हुडकत हिंडतेस. बरं, रसीलाबेन बोलायला लागली का?" आणि उत्तर ऐकायच्या आतच त्यांनी फोन ठेवला. ही त्यांची सवयच.

रसीलाबेन म्हणजे भिखुभाईंची थोरली बहीण, झंखनाची फोई. अमदावादेत नारणपुऱ्यात पारिजात सोसायटीत फोई आणि तिचे यजमान मनहरफुआ राहायचे, आणि शिकायला आलेली झंखना त्यांच्याकडे. घरात तिघं माणसं, आणि बोलायची फक्त एक जोडी सोडून बाकीच्या जोड्या. कारण फोई फुआंशी बोलत नव्हती.

झालं होतं असं. सोसायटीच्या अध्यक्षपदाला फोई उभी राहिली होती. घरोघरी जाऊन तिने बायकांना मेथीचे खाखरे खाऊ घातले, लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्याचा हिशेब तोंडपाठ केला. समोर कीर्तिभाई. फोई एका मताने पडली. आता एक मत काय, कुणाचंही असेल. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मनहरफुआ जन्मभर दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते, आणि खोटं बोलणं सोडाच, खरं दडवूनही त्यांना अपचन व्हायचं. दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "रसीला, माझं मत मी कीर्तिभाईला दिलं बरं का. तुझं ब्लडप्रेशर बघता तुला ती कटकट झेपली नसती."

फोईने बशी खाली ठेवली, देवघरात गेली, आणि ठाकोरजींसमोर हात जोडून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलली, "ठाकोरजी, आजपासून या माणसाशी गुजरातीत एक शब्द बोलले तर माझी जीभ झडो! हिंदीत बोलले तरी झडो! इंग्रजीत बोलले तरी झडो!"

"इंग्रजी तुला येत नाही," फुआ बाहेरून म्हणाले. नोंद बरोबर असावी म्हणून.

"ठाकोरजी, शिकले तरी बोलणार नाही!"

तेव्हापासून झंखना टपालखातं झाली. दोघं एकाच ताटलीतला हांडवा खात बसलेली, आणि फोई म्हणायची, "झंखना, तुझ्या फुआंना सांग, लोणचं त्यांच्या उजव्या हाताशीच आहे." फुआ म्हणायचे, "सांग की दिसतंय." झंखना सांगायची. ती कॉलेजात असली की फोई कुकरशी बोलायची. "कुकरभाई, काही लोकांना वाटतं भाजी आपोआप घरी चालत येते." फुआ पिशवी घेऊन निघायचे.

इकडे झंखना आपल्या दोन माणसांच्या शोधात. वर्गातल्या अनिंद्यने तोमुली लगेच शिकून घेतली आणि तिच्यात फक्त चंद्रावर कविता केल्या. सुरतच्या विरलने पहिलाच प्रश्न विचारला, "शिव्या कुठल्या पानावर आहेत?" नाहीत म्हटल्यावर तो इतका खिन्न झाला की पुन्हा वहीकडे बघितलं नाही त्याने. कॉलेजातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून झंखनाने शेवटी घरातच सराव सुरू केला. साखरेच्या डब्यावर, चहाच्या डब्यावर, फ्रिजवर तोमुली लिपीतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

"ही काय किड्यामुंग्यांची रांग लावलीस?" फोईने विचारलं.

झंखनाने सांगितलं. लोशी, दुमे, झा, मू, टी. फोई पोळी लाटत ऐकत होती. लाटणं थांबलं.

"ही गुजराती नाही?"

"नाही, फोई."

"हिंदी? इंग्रजी?"

"कुठलीच नाही. माझी आहे."

"मारवाडी, कच्छी असलं काही मिसळलेलं नाही ना? नंतर ठाकोरजींपुढे भानगड नको."

"एक अक्षर नाही."

फोईने पोळी तव्यावर टाकली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्याकडे बघत राहिली. पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुआ झोपाळ्यावर पेपर वाचत होते. चहा बाजूला तसाच. फोई स्वयंपाकघराच्या दारात आली, पदर सावरला, आणि भिंतीकडे नाही, कुकरकडे नाही, सरळ फुआंकडे बघून म्हणाली, "लोशी दुमेटी."

फुआंच्या हातातला पेपर गळाला. ते उठले, फोईच्या तोंडासमोर येऊन तिचे ओठ सरळ आहेत ना ते पाहिलं, मग ओरडले, "झंखना! धाव! तुझ्या फोईची जीभ वळत नाही! डॉक्टरला बोलव!"

"फुआ, काही झालेलं नाही. फोई म्हणाली, चहा गार झाला असावा."

फुआ मटकन झोपाळ्यावर बसले. झोपाळा करकरला. मग ते म्हणाले, "माझ्याशी म्हणाली?"

"तुमच्याशी."

"मग 'असावा' का म्हणाली? समोर तर आहे."

"बोट बुडवून पाहिलं नाही ना तिने. म्हणून अंदाज."

शिरस्तेदारांचा चेहरा एकदम उजळला. सारी हयात त्यांनी साक्षीदारांना हेच विचारताना ऐकलं होतं, तू पाहिलंस की कुणी सांगितलं? त्यांनी त्याच दुपारी झंखनाची व्याकरणाची पानं मागून घेतली, चष्मा पुसला, आणि जी पानं हसितभाईंनी शेंगदाण्यांवर काढली होती ती त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचली. "हे बघ, बेटा, हे कायद्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि फोईला ऐकू जाईल असं म्हणाले, "लोशी दुमेझा." गारच आहे, स्वतः पाहिलं. फोईने पुन्हा गरम करून आणला.

पहिले काही दिवस चहा, मीठ, दरवाजा, पाऊसपाणी एवढंच चाललं. मग एकदा कपडे वाळत घालताना फोईने विषय काढला. तुम्ही मत कीर्तिभाईला दिलंत, असं तोमुलीत म्हणून तिने शेवटी ठणकावून 'झा' लावला.

"हरकत!" फुआ ताडकन म्हणाले, मग तोमुलीत आले. "झा नाही. तू पाहिलंस? नाही पाहिलंस. मी सांगितलं, तू ऐकलंस. मू लाव."

"मू लावू? म्हणजे गल्लीतल्या अफवेच्या रांगेत बसवू?" हे फोई झंखनाला म्हणाली, गुजरातीत. "स्वतः गुन्हेगाराने तोंडाने कबूल केलंय! त्याला काय लावायचं सांग."

"त्याला वेगळं असं काही नाही, फोई. मूच लागेल."

"मग अपुरी आहे तुझी भाषा. 'खो' लाव. ज्याने केलं त्यानेच कबूल केलं, तिथे खो."

"असं मध्येच नाही करता येत! तोमुलचे लोक..."

"तोमुलचे लोक आमच्या घरात काय करतायत?"

फुआंनी जरा विचार केला. कबुलीजबाब आणि ऐकीव पुरावा एका पंगतीत बसत नाहीत हे त्यांना मान्यच होतं, मग निकाल आपल्या विरुद्ध का जाईना. "खो मंजूर," ते म्हणाले. आणि तिथून दोन तास दोघं वाळत घातलेल्या धोतराच्या अल्याड-पल्याड उभे राहून तोमुलीत भांडले. झंखना मोबाइलवर ते टिपता टिपता नाचायचीच काय ती राहिली होती.

त्यानंतर तोमुलीने जे बाळसं धरलं ते काही विचारू नका. झंखना कॉलेजातून यावी तर चार नवे शब्द जन्मलेले. 'कीर्तु' म्हणजे वचन देऊन पाय काढणे, हे तिने ओळखलं. 'भिखो' म्हणजे समोरच्याचं ऐकून न घेता फोन ठेवणारा, हेही ओळखलं आणि वडिलांना सांगितलं नाही. पण एक दिवस दूध उतू गेलं आणि फोई आतून ओरडली, "झंखी! झंखी!" तेव्हा ती "आले, फोई" म्हणत धावली, तर दोघं पोट धरून हसत होती. मागे एकदा पुस्तक वाचता वाचता तिच्याकडून पातेलंभर दूध उतू गेलं होतं. त्याची आता संज्ञा झाली होती.

"मी ही भाषा बनवली आणि माझंच नाव उतू गेलेल्या दुधाला?"

"पोरीच्या नावाने ठेवतात मोठ्या गोष्टीला नाव," फुआ समजुतीने म्हणाले. "मान आहे तो."

झंखनाने हसितभाईंना कळवलं. ते स्वतः ऐकायला आले. झोपाळ्यावर बसले, ताक प्यायले, गाठिया खाल्ले. फोई आणि फुआ नवीन सुनेसारखे गप्प. हसितभाईंनी हवापाणी काढलं, अमदावादची वाहतूक काढली. फोईने फक्त पपईचा संभारा पुन्हा वाढला. झंखनाने डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी कोपराने खुणावलं. काही नाही. परक्या माणसासमोर घरातलं कसं बोलायचं, असा दोघांचा चेहरा. हसितभाई घड्याळाकडे बघायला लागले.

एवढ्यात बेल वाजली. दारात कीर्तिभाई, हातात लिफ्टच्या दुरुस्तीचा कागद. "रसीलाबेन, लिफ्टचं पुढच्या आठवड्यात नक्की बरं का! माणूस ठरवलाय. माझा शब्द."

फोईने अत्यंत गोड हसून फुआंकडे पाहिलं. "कीर्तु," ती म्हणाली.

"कीर्तुझा," फुआ तितक्याच सौजन्याने म्हणाले. डोळ्यांनी पाहिलंय. मग दोघांची जी जुगलबंदी लागली! लिफ्ट, माणूस, मागचा आठवडा, त्याच्या मागचा आठवडा, कीर्तिभाईंच्या केसांच्या टोपाची एक बाजू. दोघंही हात जोडून, माना डोलावत, पाहुण्याचं स्वागत करावं अशा सुरात. हसितभाईंनी ताकाचा पेला तोंडासमोर धरला होता, आणि पेला हलत होता.

"माझं नाव आलं का मध्ये?" कीर्तिभाईंनी विचारलं. "ही कुठली भाषा?"

"आमच्या झंखनाची, कॉलेजातली," फोई म्हणाली. "झंखना, कीर्तु म्हणजे काय ते सांग गं यांना."

झंखनाने गाठियांची ताटली कीर्तिभाईंपुढे सरकवली. "म्हणजे... ज्याचा शब्द फार लांब पल्ल्याचा असतो तो."

"वा! वा!" कीर्तिभाई खूश झाले. "मुलांनी असं काही करावं. सोसायटीच्या फलकावर लावा हे." आणि एक गाठिया तोंडात टाकून गेले.

जिना उतरताना हसितभाईंनी खरा अर्थ विचारला आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून इतका वेळ हसले की वरून कुणीतरी पाणी हवंय का विचारलं. "समितीपुढे ठेवू," ते डोळे पुसत म्हणाले. "पण लवकर कर. हे दोघं एकत्र हसायला लागलेत. चार दिवसांत समेट होईल."

"होऊ दे की. बरंच आहे."

"त्यांचं बरं आहे. समेट झाला की बोलतील आपली सरळ गुजराती. मग तुझी तोमुली कोण बोलणार, कुकर?"

हे ते गमतीने म्हणाले आणि रिक्षात बसून गेले. झंखनाच्या डोक्यातून मात्र जाईना. संध्याकाळी तिघं दाळ-ढोकळी खायला बसले. फुआ काहीतरी म्हणाले, फोई हसली, तिने न विचारता त्यांच्या वाटीत तूप सोडलं. आणि झंखना, काय शिरलं अंगात कोण जाणे, अगदी सहज बोलावं तशी बोलून गेली, "फोई, नाहीतरी कीर्तिभाई लिफ्ट करणारच नव्हते. तू निवडून आली असतीस तर झाली असती. एकच मत कमी पडलं, नाही?"

फोईच्या हातातली तुपाची वाटी थांबली. तिने ती झाकली आणि आत नेऊन ठेवली. फुआंनी मान खाली घातली आणि ढोकळीचे तुकडे बोटाने एका कडेला लावत बसले. झंखनाचा घास तोंडात फिरू लागला. एका आराखड्यापायी आपण हे काय केलं, असं वाटून तिला आपलीच शिसारी आली. जेवण तसंच टाकून ती भांडी घासायला उठली. मोलकरणीने घासायची भांडीसुद्धा घासली.

सकाळी ती उठून बाहेर आली तर फुआ आधीच झोपाळ्यावर होते. पेपर घडी घातलेला. फोई चहा ठेवून वळली, तेवढ्यात ते म्हणाले, "पेशखो."

पेश म्हणजे चूक. हा शब्द झंखनाच्या पानांत होता, तोमुलच्या लोकांचं जाळं फाटतं तेव्हासाठी. 'क्षमा करा' असं काही तिच्या भाषेत नव्हतंच. ते करायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक, आणि पुढे खो: करणाऱ्यानेच कबूल केलेली. ब्लडप्रेशर नाही, तुझ्या भल्यासाठी नाही, पण नाही, परंतु नाही. त्यांना पुढे काही जोडता आलं असतं, पण त्यांनी जोडलं नाही.

फोई परत फिरली. मग तिने झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसून चहा बशीत ओतला, फुंकला, आणि बशी त्यांच्यापुढे धरली. झंखना पावलं न वाजवता आत गेली आणि मोरीत उभी राहून उगाच तोंड धुऊन आली.

आता हसितभाईंचं भाकीत खरं ठरायला काहीच हरकत नव्हती. पण फोईचा शब्द ठाकोरजींपाशी अडकलेला होता, आणि ठाकोरजींशी तडजोड करणारी ती बाई नव्हती. तोमुली चालू राहिली, फक्त तिचा सूर बदलला.

झंखनाने नवा आराखडा लिहायला घेतला. बेट, होडीची तिकिटं, रेशनकार्डं, सगळं काढून टाकलं. या दोन माणसांना काय लागतं तेवढंच बनवायचं ठरवलं. पहिला विचार शब्दकोशाचा.

"खबरदार," फोई म्हणाली. "अर्धी सोसायटी आणि पाऊण माहेर आहे त्या शब्दांत. तुझ्या बापाला दाखवशील?"

"मग काय करू?"

"दाराला पाटी कर. तोमुली लिपीतली."

पाटी फुआंनाही पसंत पडली. झंखनाने पुठ्ठ्यावर नमुना काढला, वर मनहर, खाली रसीला. फोईने ती उलटी धरली. म्हणजे वर रसीला, खाली मनहर. फुआंनी सुलटी केली. तोमुलीत काही वाक्यं झाली. पाटी पुन्हा उलटी झाली. तोमुलीत आवाज चढला. फुआ म्हणाले की घर कागदोपत्री त्यांच्या नावावर आहे, आणि शेवटी झा लावला. तेव्हा फोईच्या तोंडून खणखणीत काठियावाडी गुजराती सुटली:

"घर तुमच्या नावावर, आणि चाळीस वर्षं त्यात झाडू मारतेय कोण, तुमचा काका?"

झोपाळा थांबला. फोईचे डोळे गरगरीत झाले. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि हळूहळू देवघराकडे मान वळवली. शेजारच्या गॅलरीतली काकू कपडे पिळता पिळता थांबली.

फुआ उठले. कोर्टात उभं राहावं तसे, हात बाजूला, देवघराकडे तोंड करून, सावकाश, स्वच्छ तोमुलीत म्हणाले की रसीला काहीच बोललेली नाही. आणि शेवटी लावला झा. मी इथे हजर होतो, स्वतः साक्षी आहे.

उभ्या आयुष्यातली त्यांची ही पहिली खोटी साक्ष. घाम फुटला होता त्यांना. फोईने तोंडावरचे हात काढले, त्यांच्याकडे बघितलं, मग पुठ्ठा उचलला आणि स्वतःच सुलटा करून झंखनाच्या हातात दिला. "असंच कर," ती भाचीला म्हणाली, "डोक्यावर मनहर, खाली मी."

"नको, नको," फुआ म्हणाले. "एका ओळीत लिही. आधी कोण ते वाचणारा ठरवेल." तेव्हा झंखनाने दोन्ही नावं गोलाकार फिरवून काढली. हसितभाईंना तो गोल इतका आवडला की त्या पानावर एकही साल पडली नाही.

समितीत बाहेरून आलेल्या वागीशाबेन होत्या, कडक म्हणून ख्याती. त्यांनी विचारलं, "बोलणारे किती?"

"दोन."

"वय?"

"अडुसष्ट आणि त्र्याहत्तर."

"आणि तू?"

झंखना अडखळली. "मला आता सगळं कळत नाही. माझ्यासमोर हळू बोलतात."

समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. वागीशाबेन त्या गोल पाटीवरून बोट फिरवत होत्या. "मंजूर," त्या म्हणाल्या. "पण एक अट. प्रबंध संपेपर्यंत तिसरा बोलणारा तयार झाला पाहिजे. नाहीतर हे डिझाइन नाही, संसार आहे."

झंखनाने घरी येऊन ही अट सांगितली. वर म्हणाली, "तिसरी मीच आहे, त्यामुळे काळजी नाही."

फोई आणि फुआंनी एकमेकांकडे पाहिलं. बारीक आवाजात काही सल्लामसलत झाली. मग फुआंनी चष्मा चढवला. "परीक्षा घ्यावी लागेल," ते म्हणाले.

"माझी? माझ्याच भाषेत?"

"कायदा सगळ्यांना सारखा."

फोईने पहिलं वाक्य टाकलं. झंखनाला त्यातला फक्त चहा कळला. दुसऱ्यात कीर्तिभाई आणि एक बकरी होती, पण कोण कुणाला काय करत होतं ते समजेना. तिसऱ्याच्या शेवटी 'झे' आलं. असा काही प्रत्यय तिने उभ्या जन्मात केला नव्हता.

"झे म्हणजे काय?"

"पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं," फोई म्हणाली. "संसारात लागतो. तू नापास."

फुआंनी खेदाने मान हलवली, आणि सरकून झोपाळ्यावर दोघांच्या मध्ये जागा केली. "बस इथे. पहिल्यापासून घेऊ. म्हण, लोशी."

झंखना फणकारली, हात झटकले, पाय आपटले. मग मध्ये जाऊन बसली. फुआंनी पायाने झोका दिला.

"लोशी," ती म्हणाली.

"उच्चार सुधार," फोई म्हणाली.